जुन्या गाडीचा गंज: सोलापूरच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

गॅरेजच्या दारात गाडी लागली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "फुल बॉडी रंगाला किती घेणार?" पत्रा कसा आहे, हे विचारणारा विरळाच. आमचं कामच डेंटिंग-पेंटिंगचं, त्यामुळे रंगाचे पैसे घ्यायला आम्हाला काही अडचण नाही. पण बुडाखालचा पत्रा सडलेला असताना बॉनेटवर आरसा चमकवून घेणाऱ्या माणसाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पैसा दिसणाऱ्या जागांवर कमी आणि न दिसणाऱ्या जागांवर जास्त घाला, हे आमचं मत. पटलं नाही तरी उत्तरं वाचून घ्या.

सोलापुरात पाऊसच कमी. मग इथल्या गाड्या गंजतात कशाला?

आपला भाग पर्जन्यछायेतला, उन्हाळा चाळिशी पार करणारा. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा इथली गाडी जास्त टिकते, हे खरंच आहे. गंजाला लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन लागतो. मीठ मिळालं की त्याचा वेग वाढतो. आपल्याकडे हवेत खारटपणा नाही आणि पडलेला पाऊस लवकर वाळतो. वाळून जाणारं पाणी पत्र्याचं फारसं वाकडं करत नाही. नडतं ते साचून राहिलेलं पाणी.

आणि ते साचवण्यात आपण पटाईत आहोत. सप्टेंबरच्या पावसात शेतावर जाऊन आलेल्या गाडीच्या चाकावरच्या कमानीत काळी माती थापली जाते. वरून ती वाळलेली दिसते, पण बोटानं उकरून बघा, आत चार-चार दिवस ओल असते. पत्र्याला ओलं फडकं बांधून ठेवल्यासारखंच ते. दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून गाडी बोअरवर धुतली जाते. ते पाणी जड, क्षारांचं. काचेवर पांढरे डाग पडतात ते दिसतात. दाराच्या आत, सांध्यात बसलेला तोच क्षार दिसत नाही आणि तो ओल धरून ठेवतो. तिसरं, हौसेनं घातलेलं जाड रबरी मॅटिंग, ज्याच्या खालचा फोम एकदा भिजला की महिनाभर वाळत नाही.

मुंबई-कोकणातली गाडी स्वस्तात मिळतेय. घ्यावी का?

पाठीवर झोपून खालून बघायची तयारी असेल तर बघा, नाहीतर सोडून द्या. नंबर एमएच-०१ ते ०४, ०६, ०७, ०८ किंवा ४३ असेल तर गाडीनं मुंबई, ठाणे, रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी नाहीतर नवी मुंबईचं पाणी प्यायलंय असं धरून चाला. नंबर सोलापूरचा, एमएच-१३ असला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. गाडी आधी कुठं होती हे आरसी आणि विम्याच्या जुन्या कागदांवरून काढा. खाऱ्या हवेतलं मीठ सांध्यांत शिरलेलं असतं. ती गाडी इथल्या कोरड्या हवेत आणली म्हणून मीठ निघून जात नाही.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळाच धोका. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पूर ओसरला की अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात येतात. ओळखायची खूण सोपी आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसते का बघा. सीटच्या रेलचे नटबोल्ट गंजलेत का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही बघा. वरचं इंटीरियर नवं करता येतं, पण सीटच्या नटबोल्टपर्यंत कुणी जात नाही.

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीत नेमकं कुठं बघायचं?

१९८३ ते २०१४ इतकी वर्षं ही गाडी बनली, त्यामुळे आमच्याकडे आजही येतात. बघायचा क्रम असा ठेवा. आधी पुढचं मॅटिंग उचला आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर अंगठ्यानं दाबा. मग बॅटरीचा ट्रे; तिथं पाण्याबरोबर अ‍ॅसिडही सांडलेलं असतं. मग पुढच्या फेंडरच्या आत, दाराच्या बिजागरीपुढची पोकळी. चाकानं उडवलेली माती तिथं वर्षानुवर्षं भरत जाते. मागच्या चाकाच्या कमानीची आत वळवलेली कड, समोरच्या काचेच्या रबराची खालची बाजू, डिकीचा फ्लोअर. ओम्नी असेल तर सरकत्या दाराची खालची रेल.

दाराचा खालचा भाग मात्र नीट बघा, कारण तिथला गंज सगळ्यात जास्त फसवतो. काचेच्या पट्टीतून पाणी दाराच्या आत उतरणारच, ते गृहीत धरूनच कंपनीनं दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. गुडघ्यावर बसून तळाच्या कडेवरून बोट फिरवलं की ती भोकं लागतात. बऱ्याच गाड्यांत ती धुळीनं, पॉलिशच्या पांढऱ्या लगद्यानं किंवा मागच्या पेंटरनं मारलेल्या रंगानं बुजलेली असतात. सायकलची जुनी तार आत घालून फिरवा. आतून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकलं तर समजा, दार आतून खाल्लं जातंय. बाहेरचा रंग अजून गुळगुळीत असला तरी. बाहेर फुगा येतो तेव्हा उशीर झालेला असतो, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते आणि तो रंगाला आतून ढकलून वर आणतो.

गंज किती खोल गेलाय हे घरी कसं ओळखायचं?

स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीनं ठोका. टणक आवाज म्हणजे पत्रा आहे, भद्द आवाज म्हणजे आत लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) किंवा पोपडे. संशयाच्या जागी टोक थोडं दाबा. नुसता तांबूस डाग असेल आणि काच पेपरनं घासून चकचकीत पत्रा लागत असेल तर काम किरकोळ. खपल्या निघत असतील, खाली खड्डे-खड्डे दिसत असतील तर मधला टप्पा. टोक आत गेलं तर पुढचा खर्च रंगाचा नाही, वेल्डिंगचा.

लांबी किती आहे ते बघायला जुन्या स्पीकरचा चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथं तो पकडत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी आहे.

रस्ट कन्व्हर्टर आणि रस्ट रिमूव्हर एकच का?

नाही, आणि दुकानदारही बऱ्याचदा एकाच्या जागी दुसरं देतो. रिमूव्हर गंज विरघळवून काढतो. त्यात बहुतेक वेळा फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं. काम झालं की तो धुऊन, पुसून, पत्रा लगेच कोरडा करावा लागतो. ओला राहिला तर डोळ्यादेखत पुन्हा तांबूस झाक येते.

कन्व्हर्टर गंज काढत नाही, गंजाचं दुसऱ्या, स्थिर पदार्थात रूपांतर करतो. टॅनिक अ‍ॅसिडचा कन्व्हर्टर लावला की तांबडा गंज निळसर काळा होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जुन्या काळी काळी शाई करायचे, त्यात टॅनिन आणि लोखंडाची हीच रासायनिक गाठ पडते. कन्व्हर्टरला काम करायला गंज लागतो. चकचकीत पत्र्यावर तो लावून उपयोग नाही. आणि खपल्यांच्या थरावर लावला तर वरचा थर काळा होतो, खालचा तसाच तांबडा राहतो. म्हणून आधी वायर ब्रशनं सुटा गंज निघेल तेवढा काढायचा, थिनरनं तेल-ग्रीस पुसायचं आणि मग पातळ हात मारायचा.

सपाट, हात पोचेल अशा जागी आम्ही तरी घासून स्वच्छ पत्रा काढणंच पसंत करतो. कन्व्हर्टर खड्डे पडलेल्या पत्र्यासाठी, सांध्यांसाठी आणि जिथं मशीन पोचत नाही तिथं ठेवा.

कन्व्हर्टर काळा झाला की झालं ना काम? रंग कशाला?

काम अर्धं झालं. कन्व्हर्टरचा थर पाणी अडवत नाही. डब्यावर लिहिलेला वेळ, बहुतेकदा एक दिवस, वाळू द्या आणि वर प्रायमर-रंग मारा. एक काळजी घ्या: अ‍ॅसिडचा अंश राहिलेल्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर नीट घट्ट होत नाही. त्यामुळे कन्व्हर्टर आणि प्रायमर दोन्हींच्या डब्यांवरच्या सूचना एकमेकींशी जुळतात का, हे वापरण्याआधी वाचा.

हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड (लाल प्रायमर) मारला तर चालेल का?

गेटला, ग्रिलला, ट्रॉलीला चालेल. गाडीला शक्यतो नको. रेड ऑक्साइड आणि रंगाआधी मारतात तो करडा सरफेसर, दोन्ही थोडेफार सच्छिद्र असतात, त्यातून ओल आत जाते. फेंडरवर प्रायमरचा ठिगळ मारून "रंग पुढच्या महिन्यात" म्हणत सगळा पावसाळा फिरणाऱ्या गाड्या सोलापुरात सात रस्त्याला हव्या तेवढ्या दिसतील. त्या ठिगळाखाली काय चाललंय ते दिवाळीत कळतं.

उघड्या पत्र्यावर दोन घटकांचा, म्हणजे हार्डनर मिसळायचा इपॉक्सी प्रायमर मारून घ्या. तो पत्र्याला धरतो आणि पाणी अडवतो. महाग आहे, मिसळल्यावर ठरावीक वेळात संपवावा लागतो, म्हणून छोट्या कामाला मिस्त्री टाळतात. तरी आग्रह धरा. टॉपच्या रंगात थोडी काटकसर करा, इथं करू नका.

झिंक स्प्रे चांगला असतो म्हणतात?

चांगला, पण योग्य जागी. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. त्यासाठी ते उघड्या, स्वच्छ पत्र्याला थेट चिकटलेलं हवं. गंजावर, कन्व्हर्टरवर किंवा जुन्या रंगावर मारलेला झिंक स्प्रे हा नुसता करडा रंग होतो. वेल्डिंगच्या सांध्यात, दोन पत्रे एकावर एक येणार तिथं जोडण्याआधी वेल्डिंग चालणारा झिंक प्रायमर मारून घेतला तर फार फायद्याचं, कारण नंतर तिथं काहीच पोचत नाही.

मिस्त्री म्हणतो, "गंजाची जागा घासून लांबी भरतो, वर्षभर बघायला नको." खरंय?

वर्षभराचं खरं असेल. लांबी पाणी शोषते. खाली गंज राहिला असेल, किंवा लांबी उघड्या पत्र्यावर भरून पाणी पेपरनं घासली आणि नीट न वाळवता रंग मारला, तर ओल आत कोंडली जाते. आधी इपॉक्सी, त्यावर लांबी, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्रा ठोकून वर काढायला हवा. पंढरपूर-तुळजापूर करणाऱ्या गाडीच्या कमानीवर बोटभर लांबी म्हणजे पहिल्या मोठ्या खड्ड्यात तडा.

भोकं पडलीत. फायबरचं कापड लावावं की वेल्डिंग?

भोक कुठं आहे त्यावर. फेंडर नटबोल्टनं सुटतो, तिथं दुसरा फेंडर बसवणं सगळ्यात सोपं. दाराच्या तळाला किंवा स्टेपनीच्या खड्ड्याला फायबरनं काही वर्षं निघतील, दिखाऊ का होईना. पण दाराखालची आडवी पेटी, जॅक लावायची जागा, सस्पेन्शनचे माउंटिंग, सीटबेल्टचा बोल्ट जिथं बसतो ती जागा आणि सीटखालचा फ्लोअर, इथं फायबर किंवा लांबी लावून देणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या. अपघातात माणसाला वाचवणारे भाग हेच आहेत. तिथं सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, त्याच जाडीचा नवा तुकडा सीओटू वेल्डिंगनं जोडायचा. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्रा वाकवते आणि आजूबाजूचा रंग लांबपर्यंत जाळते. जळलेल्या त्या पट्ट्यात पाठीमागून गंज सुरू होतो.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढलीच पाहिजे. इंजेक्शनची गाडी असेल तर ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेटही. पेट्रोल टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवूनच. सीएनजी गाडीची सिलिंडर अधिकृत माणसाकडून काढून घ्या; सिलिंडरवर गंज दिसला तर ग्राइंडर किंवा रंग लावून झाकू नका, सिलिंडर तपासणी केंद्रात दाखवा. तीन वर्षांनी चाचणी तशीही बंधनकारक आहेच.

अंडरबॉडी कोटिंग कुठलं घ्यावं? काळं, रबरी की मेणाचं?

सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात जास्त फसवणूक होणारा प्रश्न.

काळं डांबरी कोटिंग स्वस्त आणि लगेच झाकणारं. पण जुनं होईल तसं कडक होतं, आपल्या मे महिन्यातल्या उन्हात आणि रस्त्याच्या तापात सारखं फुगून-आकसून भेगाळतं. भेगेतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून अखंड दिसणारा काळा थर स्क्रूड्रायव्हरनं उचकटल्यावर खालचा पत्रा पापडासारखा हातात येतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. जुन्या गाडीच्या गंजावर थेट डांबर मारणं म्हणजे गंजाला सावली करून देणं.

रबरी कोटिंग जाड, लवचीक, खडी उडून बसणारे मार सोसणारं. हायवेला जास्त फिरणाऱ्या गाडीला चाकांच्या कमानीत हे उत्तम. अट एकच, खालचा पत्रा स्वच्छ, कोरडा आणि प्रायमर मारलेला हवा.

मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचं) कोटिंग कधीच पूर्ण कडक होत नाही. ओरखडा पडला तर थोडंफार आपसूक पसरून बुजतं, सांध्यांत झिरपतं आणि जिथं थोडा गंज उरलाय तिथंही हवा-पाणी तोडतं. जुन्या गाडीला आमची पहिली पसंती हीच. खोड म्हणजे त्याला धूळ चिकटते, पातळ प्रकार उन्हाळ्यात टपकतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो. फरशीवर डाग पडले म्हणून घरच्यांची बोलणीही खावी लागतील.

कोणतंही मारा, पण सायलेन्सर, ब्रेक, हँडब्रेकची केबल, अ‍ॅक्सलचे रबरी बूट, सेन्सर आणि पाणी जायची भोकं झाकून घ्या. गाडी खालून धुतल्या-धुतल्या त्याच दुपारी कोटिंग करून देणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. सांधे वाळायला एक रात्र तरी हवी.

वॉशिंग सेंटरवर बुडाला डिझेलचा फवारा मारतात. फायदा होतो का?

दोन दिवस काळंभोर दिसतं. डिझेल उडून-ओघळून जातं, जाताना सस्पेन्शनचे बुश आणि रबरी बूट फुगवतं. जळकं ऑइल लावायची पद्धत त्याहून वाईट. त्यात इंजिनातली अ‍ॅसिडं आणि धातूचा कीस असतो, ब्रेकवर गेलं तर जिवावर बेतेल आणि पावसात धुऊन जाऊन शेवटी ओढ्यात नाहीतर विहिरीत. फवारणीवाल्या पोराला आधीच सांगा, "खालून नुसतं पाणी मार."

पोकळ भागांत, दाराच्या आत काय घालायचं?

पातळ, झिरपणारं कॅव्हिटी वॅक्स. लांब नळीच्या नोझलनं पाणी जायच्या किंवा प्लगच्या भोकांतून आत मारतात. नळी शेवटपर्यंत घालून हळूहळू मागं ओढत मारायचं, म्हणजे आत सगळीकडे धुकं बसतं. खालच्या भोकांतून थोडं ठिबकायला लागलं की पुरे. नंतर तार घालून भोकं मोकळी करा.

क्रम चुकवू नका. वेल्डिंग, प्रायमर, सांध्यांचा सीलर, रंग आणि सगळ्यात शेवटी वॅक्स. मेण आधी गेलं तर त्या जागी रंग धरत नाही.

आम्हाला विचाराल तर एवढ्या सगळ्यांत खर्चाच्या मानानं सर्वात जास्त वर्षं देणारं काम हेच. आणि मागणी सर्वात कमी याचीच, कारण करून घेतल्यावर शेजाऱ्याला दाखवण्यासारखं काही उरत नाही.

सांध्यांना बाथरूमचं सिलिकॉन भरलं तर?

नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं, ते पत्र्याला खातं. वर त्याच्यावर रंग बसत नाही. पेंटरच्या भाषेत माशाचे डोळे, म्हणजे रंगात बारीक गोल खड्डे पडतात, आणि ते आजूबाजूच्या पॅनेलवरही. गाडीसाठीचा पॉलियुरेथेन सीम सीलर घ्या, प्रायमर मारलेल्या सांध्यावर बोटानं दाबून बसवा.

सिरॅमिक किंवा टेफ्लॉन कोटिंगनं गंज थांबतो का?

थांबत नाही. ते रंगाच्या वर बसतं. गंज रंगाच्या खाली असतो. ऊन, धूळ आणि क्षाराच्या डागांपासून रंग वाचवायला सिरॅमिक बरं आहे, पण फुगे आलेल्या गाडीवर ते मारून घेणं म्हणजे पैसा उधळणं. वीस वर्षांच्या गाडीला वर्षातून दोन-तीनदा साधं वॅक्स पुरेसं आहे.

बॅटरीला जोडायचं इलेक्ट्रॉनिक गंजरोधक यंत्र?

विजेनं गंज रोखायची ही युक्ती जहाजाला आणि पाइपलाइनला चालते. जहाजाचा तळ समुद्राच्या पाण्यात असतो, पाइपलाइन ओल्या जमिनीत असते. तिथं विजेचा मार्ग पूर्ण होतो. रस्त्यावरच्या गाडीभोवती हवा असते. पैसे खिशात ठेवा.

डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं तर?

१९५३ मध्ये क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवायला ते बनवलं गेलं आणि तेच ते छान करतं: पाणी हटवणं, जाम नट सैल करणं. थर पातळ, लवकर उडून जाणारा. आणि मारलेल्या जागी नंतर रंग मारायचा असेल तर आधी थिनरनं पुसून काढावं लागेल.

मळीनं (मोलॅसिसनं) गंज निघतो हे खरं का?

खरं आहे, आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे विचारलं जाणारच. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. सुटे केलेले लोखंडी भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, जॅक, त्यात आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवायचे. मळी चांगलं लोखंड फारसं न खाता गंज सोडवते. वास येतो, माश्या येतात, म्हणून बादली घरापासून लांब. अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेला भाग त्यात घालू नका. बाहेर काढल्यावर धुवा, उन्हात वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. गाडीच्या अंगावर मात्र मळी चोपडून काही होत नाही. बुडवून ठेवता येईल अशाच वस्तूला ती चालते.

लहान भागांना व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडही चालतं. फरशीचं अ‍ॅसिड कधीही नाही. ते हायड्रोक्लोरिक असतं, त्यातले क्लोराइड पत्र्याच्या छिद्रांत राहतात आणि गंज दुप्पट जोरानं परततो. त्याच्या वाफेनं शेजारी टांगलेल्या हत्यारांवरही गंज चढतो.

हे काम कोणत्या महिन्यात करावं?

दिवाळी झाल्यावर, होळीच्या आत. हवा कोरडी असते आणि पत्रा तापत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्यावर हात टेकवत नाही; त्यावर कन्व्हर्टर जागच्या जागी सुकतो, गंजात मुरतच नाही, आणि रंगाचं थिनर उडून संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा येतो. उन्हाळ्यातच करावं लागलं तर सकाळी लवकर, सावलीत आणि सावकाश उडणारं थिनर वापरून. पावसाळ्यात हवेतली ओल पत्र्यावर बसते. नियम असा की पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा, किमान तीन अंश सेल्सियसनं गरम हवा. मोजायला काही नसेल तर पहाटे गार पत्र्यावर काम सुरू करू नका, एवढं पाळा.

पण भोक पडायला आलंय आणि जून तोंडावर आहे, तर दिवाळीची वाट बघू नका. तात्पुरतं घासून, कन्व्हर्टर आणि इपॉक्सी मारून पावसाळा काढा.

गाडीला पंधरा वर्षं होतायत. आरटीओत गंज आडवा येतो का?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि त्यावेळी पर्यावरण कर. गाडी प्रत्यक्ष तपासली जाते, त्यामुळे सडका फ्लोअर किंवा लटकणारा बंपर घेऊन जाऊ नका. सर्वात महत्त्वाचं, चासी नंबर स्वच्छ वाचता आला पाहिजे. कोटिंगवाल्यानं किंवा पेंटरनं तो बुजवला तर विनाकारण हेलपाटे. त्या जागी रंगाऐवजी ग्रीसचा पातळ हात द्या. आणि रंग बदलायचा असेल तर तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो, हे फुल बॉडीच्या उत्साहात विसरू नका.

घरी स्वतः करताना काय सांभाळायचं?

हातमोजे, चष्मा. ग्राइंडरला वायर ब्रश लावला असेल तर चष्म्याशिवाय सुरूच करू नका. तारेचे तुकडे सुटतात. हार्डनरवाला रंग स्प्रे करायचा असेल तर साध्या कापडी मास्कचा उपयोग नाही. त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसाला कायमचा दमा लावू शकतात, तेवढं काम गॅरेजलाच द्या. फार जुन्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका.

गॅरेजवाल्याला काय विचारावं, म्हणजे फसणार नाही?

"पत्रा उघडा केल्यावर मला बोलवाल का?" एवढा एक प्रश्न पुरतो. जो "हो, या की" म्हणतो तो निम्मा प्रामाणिक. लांबी भरायच्या आधी आणि प्रायमर मारल्यावर मोबाइलवर फोटो मागा. कोटेशनमध्ये वेल्डिंग, प्रायमर, रंग आणि वॅक्स वेगवेगळं लिहून घ्या. "सगळं मिळून" या आकड्यात प्रायमर कुठला हे कधीच कळत नाही. ओळखीनं काम देताना हे विचारायला संकोच वाटतो, तिथंच जास्त विचारा.

सगळं झाल्यावर किती वेळा तपासायचं?

पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. चाकांच्या कमानी आतून पाइपनं धुवा, भोकांत तार फिरवा, मॅटिंग उचलून उन्हात टाका. दगड लागून रंगाचा टवका उडाला तर त्याच आठवड्यात टचअप करा.

गाडीवर कव्हर घालावं का?

शेडमध्ये उभी असेल तर धुळीसाठी सुती, हवा खेळणारं घाला. उघड्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून गाडी महिनोन्महिने ठेवणं वाईट; खालच्या जमिनीची वाफ आत कोंडते. धुतल्या-धुतल्या तर कव्हर घालूच नका. दारं, डिकी, बॉनेट अर्धा तास उघडी ठेवा, सांधे टॉवेलनं टिपून घ्या. सोलापुरात टॉवेलला काही तोटा नाही.